टायबेरियसच्या गालावरचा घाव

५ मे १९७२
आले एकदाची नागपूरला! हुडकेश्वरला मारोतरावांच्या बंगल्यात मागची खोली मिळाली आहे. कामाच्या खोलीत वाळ्याच्या ताट्या, भिंग, तराजू आणि कपाटाच्या मखमली खणांत एकेचाळीस रोमन नाणी. सोन्याची! एम.ए.ला नुसती चित्रांत पाहिलेली नाणी आज तळहातावर घेतली. मारोतराव जुने ठेकेदार, विहिरी खोदून वर आलेले. त्यांना संग्रहाची छापील सूची हवी आहे. तिच्यावर नाव माझं असेल, चारुलता. आईला लगेच पत्र टाकलं.

८ मे
बहुतेक नाणी टायबेरियसची. कडेची लॅटिन अक्षरं जुळवायची, उलट्या बाजूला आसनावरची बाई दिसली की खात्री पटते. अकरा नाण्यांवर सम्राटाच्या गालावर छिन्नीचा आडवा घाव आहे. जुना, कडा झिजून गुळगुळीत. त्या काळी आपल्याकडच्याच कुणीतरी घातलेला. का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही.
‘कुठे सापडली’ या रकान्यात मारोतरावांनी ‘हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून खरेदी’ असं लिहायला सांगितलं. लिहिलं, खाली सही केली.
फाटकासमोर कडुनिंबाखाली एक म्हातारी रोज बसून असते. वेडी आहे, मारोतराव म्हणाले.

११ मे
बारावं नाणं. काल याचा गाल कोरा होता, माझ्या नोंदीत तसं आहे. आज घाव, आणि कडा लखलखीत. मारोतरावांनी स्वयंपाकीणबाईंसमोर मला विचारलं, छिन्नी कुठे लपवली. मला! नाण्याला नखसुद्धा लागू देत नाही मी! संतापाने ताट तसंच सोडून उठले.

१३ मे
कपाटाची किल्ली त्यांनी स्वतःकडे घेतली. बरंच झालं. आज भर दुपारी आम्ही दोघं खोलीत असताना बंद कपाटातून आवाज आला. ठण्. ठण्. उघडलं तर आणखी सहा नाणी कापलेली. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. नुसते घामाघूम. या माणसाला काहीतरी ठाऊक आहे आणि तो चोर मला ठरवत होता!

१५ मे
उठले आणि सरळ त्या म्हातारीकडे गेले. अंजनाबाई, भिवापूरकडची. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा धोंडबा मारोतरावांची विहीर खोदत होता. तळाशी मडकं लागलं, सोन्याच्या नाण्यांचं. सरकारला कळलं तर जप्त झालं असतं.
“त्यानं मडकं वर देल्लं,” ती म्हणाली, “अन् यायनं वरून माती लोटली. लोकाइले सांगतलं, विहीर ढासळली. ढासळली नाही वं माय, बुजवली.”
तिला काही नको. फक्त त्याची हाडं वर काढून पाहिजेत.
उद्या त्यांना विचारणारच. 

१६ मे
तोंडावर विचारलं त्यांना. पुरावा काय, म्हणाले, आणि हसले! उजव्या गालावर आडवी रेघ होती. वस्तरा लागला म्हणे. रक्त मात्र नव्हतं.
रकान्यातली ती खोटी ओळ खोडली. लिहिलं: ‘भिवापूरजवळच्या विहिरीत धोंडबाला सापडली. धोंडबा अजून तिथेच आहे.’

१७ मे
एकेचाळीसही कापली गेली. मारोतरावांची रेघ कानापर्यंत. खोल. कडा नाण्यांसारख्याच लखलखीत. तरी त्यांना फक्त सूचीचं ते पान हवं. देणार नाही.

१८ मे, दुपार
नाण्यांच्या खोलीत कोंडलंय. पान दिल्याशिवाय सोडणार नाहीत — पान फाडलं मी, पण अंजनाबाईला हाक मारून खिडकीच्या गजांतून दिलं. कलेक्टर कचेरीत जा म्हटलं. धावत गेली.

दाराबाहेर मारोतराव ओरडताहेत — ठण् — ठण् —

ओरडणं थांबलं.

आवाज आत आलाय —

गाल. माझा. काहीतरी गार —

मला का? ती ओळ लिहिली तेव्हा मला माहीत नव्हतं, धोंडबा! खोडली ना मी ती! तुझं नाव तिच्या हातात दिलं, ती पोचेल, तुला वर काढतील, थांब जरा, ती सही मी —