सोलो होता तो, बिघाड नव्हे

पप्पा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्या माईकवरून मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे.

आपल्या चिंचवडच्या कॉलनीत जयंतीचा कार्यक्रम होता. स्टेजची जबाबदारी तुमच्याकडे, म्हणून तर आमच्या तिघांच्या जॅझ फ्यूजन बँडला वीस मिनिटं मिळाली होती. कीबोर्ड, ड्रम्स आणि माझी बेस गिटार. शेवटच्या तुकड्यात ते दोघं थांबणार आणि मी एकटी वाजवणार, असं ठरलेलं. त्या जाड तारांवर चार महिने बोटं सोलून घेतली होती मी. पहिली फेरी नीट गेली, दुसरीत मी खालच्या सुरांवरून वर चढतेय, पुढच्या रांगेतल्या दोन बायका मान डोलावतायत, आणि तुम्ही धावत स्टेजवर येता, माईक ओढून घेता. "मंडळी, साउंडमध्ये जरा बिघाड झालाय. दोन मिनिटं बसून राहा, कुणी उठू नका." सगळा मांडव हसला. संपला माझा सोलो.

घरी आई भाकरी थापत होती. ओट्यापाशी उभं राहून तुम्ही वर मलाच ऐकवलंत, "अगं, ते दोघं गप्प बसले, तू एकटीच ठोकतेयस. मला वाटलं, वायर गेली."

"सोलो होता तो, पप्पा!"

"मग आधी सांगायचं ना. आणि सोलो म्हणजे काहीतरी गाण्यासारखं पाहिजे. हे आपलं कंप्रेसर चालल्यासारखं."

कंप्रेसर! तीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढलीत तुम्ही. मशीनचा आवाज जरा बदलला की तुमचा हात आधी मशीन थांबवायच्या लाल बटणावर जायचा, त्यामुळे एका माणसाचा पंजा वाचला होता. मान्य. पण मी काय मशीन होते? मला वाचवायला कुणी सांगितलं होतं? एकदा "चुकलो" म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? ते नाहीच. उलट येईल त्या पाहुण्याला हा किस्सा हसत सांगायचात, आणि मी समोर चहाचे कप धरून उभी.

परवा हिंजवडीत एका कंपनीच्या कार्यक्रमात वाजवलं. संयोजक म्हणाला, "मॅडम, बेसचा सोलो कट करा ना, लोक बोअर होतात." तुमच्यावरचा सगळा राग मी त्याच्यावर काढला. सोलो सुरू असताना तो विंगेतून हात हलवत होता, आटपा, आटपा. मी सरळ त्याच्याकडे बघत पुरी पाच मिनिटं वाजवलं.

घरी येताना गाडीत एक गोष्ट डोक्यात आली, ती काही केल्या जाईना. तुम्ही असतात तर तुमच्या तोंडावर मी ती कधीच कबूल केली नसती, आणि हा कागदही कुणाच्या हाती पडू देणार नाही. त्या दिवशी तुम्ही फक्त माईक घेतला होता. माझ्या गिटारचा ॲम्प्लिफायर चालूच होता, ड्रमर "वाजव, वाजव" म्हणून खुणावत होता. लोक हसले, तेव्हा तारांवर पंजा ठेवून त्या मीच बंद केल्या.