देवघराच्या भिंतीतलं पाणी

३ जून, मंगळवार

वरच्या मोरीचा पाइप पुन्हा गळतोय. दुपारी महादेवू घर बघून गेला. बन्नूरचा प्लंबर, बोलायला लागला की आवरत नाही. म्हणाला, सगळेच लोखंडी पाइप सडलेत, एकदम बदलून टाका. एकदम बदलायला आम्ही काय राजवाड्यातले? ह्यांनी सरळ सांगितलं, चिट, म्हणजे भिशी, लागेल तसं एकेक. आधी वरच्या मोरीचं सांडपाणी, मग टाकीची लाइन, मग स्वयंपाकघर. भावजींची, ह्यांच्या थोरल्या भावाची, एकच अट, देवघराच्या भिंतीला छिन्नी लावायची नाही. म्हणजे नवे पाइप घराच्या बाहेरून.

जाता जाता महादेवू देवघरात डोकावला. विठ्ठलाच्या मागच्या भिंतीवर हात फिरवून विचारलं, ही कधीपासून ओली? म्हटलं, मी लग्न होऊन आले तेव्हाही ओलीच होती. तर म्हणतो, वरच्या मोरीचा पाइप ह्याच भिंतीतून उतरतो, अम्मा.

त्याला हाताला धरून बाहेर आणलं. नशीब, भावजी ओसरीवर पेपरात होते.

४ जून

डोकं ठिकाणावर नाही. आमटीत दोनदा मीठ.

अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, पूजा झाली की रोज त्या ओल्या भिंतीला बोटं टेकवून डोळ्यांना लावायच्या. पांडुरंगाचं पायतीर्थ म्हणून. शेवटच्या आजारपणात उठवेना, तर भावजी ते पाणी कापसाने टिपून न्यायचे आणि त्यांच्या ओठांना लावायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. आता अक्का नाहीत, भावजी रोज एकटे लावतात. सणावारी मीही.

आणि वर भाडेकरूंची मोरी.

ऐंशीच्या घरातला माणूस. हे कळलं तर काय होईल त्याचं? ह्यांना सांगितलं. हे दुकानाला निघालेले, चप्पल घालता घालता म्हणाले, "सुम्ने बस. कोण सांगायला जातंय?" सुम्ने, गप्प बसलेय खरी, पण किती दिवस?

९ जून

म. (महादेवू) आला, माप घेतलं. हळू आवाजात पुन्हा विचारलं त्याला. थोडा जीव भांड्यात पडला. त्या भिंतीत दोन पाइप आहेत म्हणे. एक मोरीचा, खाली उतरणारा. दुसरा कावेरीच्या पाण्याचा, संपातून, म्हणजे जमिनीखालच्या हौदातून, गच्चीच्या टाकीकडे चढणारा. प्यायचं पाणी ते. गळतोय कुठला, बाहेरून सांगता येत नाही.

त्याच्याकडे युक्ती आहे. वरच्या मोरीत रंग ओतायचा आणि भिंतीत उतरतो का बघायचं. रंग नसला तर कुंकू चालेल. हे बरं सांगतोय. उद्या विठ्ठलामागे लाल ओघळ आला तर भावजी अख्ख्या नजरबाद मोहल्ल्याला आरतीला बोलावतील. नको म्हटलं.

आता एवढंच बघायचं. मोरीचा पाइप बदलल्यावर भिंत वाळली, तर इतकी वर्षं मोरीचं. नाही वाळली, तर कावेरीचं. हप्त्याहप्त्याने काम काढलं म्हणून निदान कळेल तरी. एकदम बदललं असतं तर जन्मभर टोचत राहिलं असतं.

१६ जून

मोरीचं काम झालं. राखाडी पाइप परसदारच्या भिंतीवरून खाली आला. दिसायला घाण, पण गळत नाही. भिंतीतला जुना वरूनच बंद केला. आजपासून वाट बघणे.

२० जून

भिंत कोरडी वाटते? की माझाच हात घामेजलेला होता?

पुन्हा जाऊन बघितलं. तिसऱ्यांदा गेले तर भावजी मागे उभे. "काय गं सुशीला, तुला पण आता रोज तीर्थ लागतं?" खूश होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ जून

ओली! तश्शीच. खालच्या कोपऱ्यात चक्क थेंब धरलेला. दुकानात फोन केला, म्हटलं ओलीच आहे हो. ह्यांना आधी कळेचना, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं माप घेत होते. कळलं तेव्हा मोठ्याने हसले. संध्याकाळी देवराज मोहल्ल्यातून मैसूरपाक घेऊन आले. भिंत ओली राहिली म्हणून गोड आणणारं घर ह्या गावात आमचंच.

भावजींनी दोन तुकडे खाल्ले. कशाबद्दल ते विचारलं नाही.

१ जुलै

म.ने आनंदावर विरजण घातलं. म्हणतो, जुनी भिंत आहे, प्यालेलं पाणी महिनाभरही सोडते. टाकीची लाइन बदलेपर्यंत खात्री नाही. आणि बदलणार कधी? तर चिट महिनाअखेरीला, शिवाय त्याच्या शेतात भाताची लावणी. तो चालला बन्नूरला.

२५ जुलै

म. उगवला, चेहरा उन्हाने रापलेला. येताना गूळ आणला, त्यामुळे रागावताही येईना. भिंत अजून ओलीच. महिना कधीच उलटून गेला. हे म्हणतात, आता तरी शंका सोड. सोडली. म्हणजे, सोडली असं सांगितलं.

३० जुलै

टाकीची लाइन झाली. संपापासून गच्चीपर्यंत नवा पाइप. स्वयंपाकघराच्या नळाला असला जोर आला की पहिल्याच भांड्याने मला न्हाऊ घातलं. आणि त्या जोराने सिंकखालचा जुना सांधा उडाला. म. म्हणतो, असंच होणार, एक नवं केलं की शेजारचं जुनं रडतं. फडकं बांधून दिलं. पुढची चिट लागेपर्यंत फडकं.

७ ऑगस्ट

भिंत वाळली. वरून खाली, रोज वीतभर. पांढरं मीठ फुटलंय.

कावेरीचं होतं. प्यायचं, स्वच्छ. दूध तापत ठेवलं होतं, तिथेच उभी राहून रडले. दूध उतू गेलं ते गेलंच.

८ ऑगस्ट

काल मला आनंद झाला, पण त्यांचं काय, हे सुचलंच नव्हतं. पूजा झाल्यावर भावजींनी भिंतीला बोटं लावली. बोटांकडे बघितलं. पुन्हा लावली. कॉफी तशीच निवली.

दुपारी मला समोर बसवलं.

"सुशीला, खरं सांग. कुठल्या पाइपाचं होतं ते?"

म्हणजे माहीत होतं. मी म्हटलं, "कावेरीचं, भावजी. मोरीचा तर आधीच बदलला होता. तरी ओलीच होती."

"नक्की ना, अल्वा?"

"नक्की."

निवलेली कॉफी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तुझी अक्का विचारायची मला. वरच्या मोरीचं तर नसेल ना हो, म्हणून. मी ओरडायचो, देवावर संशय घेतेस म्हणून. मग विचारायची बंद झाली. पण शेवटी कापूस ओठांना लावायचो ना, तेव्हा माझ्याच मनात तेच यायचं. दर खेपेला. तरी लावत राहिलो."

छिन्नी का नको म्हणत होते, ते आता कळलं. भिंत फोडली असती तर खरं-खोटं समोर आलं असतं.

पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, कॉफी गरम करून दे.

११ ऑगस्ट

म. म्हणतो, आतला जुना पाइप काढायलाच हवा, गंजून फुगला की भिंत फोडेल. भावजींना विचारलं. मला वाटलं नाही म्हणतील. स्वतःच पाट घेऊन देवघरात बसले आणि म्हणाले, फोड.

म.ने विठ्ठलाला नमस्कार केला, छिन्नी टेकवली, पहिला घाव घातला. चुन्याचा पोपडा पडला. भावजींनी हात वर केला. "आज नको. इरली, राहू दे."

म. हातपाय धुऊन बस पकडायला गेला. छिन्नी इथेच ठेवून गेलाय, म्हणजे येईल. भावजी मात्र व्यवस्थित जेवले, ताक मागून घेतलं. उद्या फोडायची का, ते त्यांनाच ठरवू दे; अक्कांची बोटं लागलेली भिंत आहे ती.