फेलेती गुडघे टेकत नाही

सोमवार, ४ ऑगस्ट

समुद्रकाकड्या — तळाशी सरपटणारे ते जाड जीव — पकडायचा हंगाम आज उघडला. पहाटेची प्रार्थना संपताच फेलेती होडीवर गेला. उथळ पाण्यात काही उरलेलं नाही, म्हणून हवेचा सिलिंडर बांधून खोल जायचं. मागच्या हंगामात पलीकडच्या बेटावरचा एक पाणबुड्या खोलातून घाईनं वर आला आणि त्याच्या पायांतलं बळ गेलं. आता त्याला चर्चमध्ये उचलून आणतात. मी वर्गात अपूर्णांक शिकवत होते आणि मनात एकच — देवा, माझ्या नवऱ्याला वर आण. दुपारी तो आला. संध्याकाळच्या प्रार्थनेत माझं लक्ष नीरफणस करपतोय का, याकडे!

मंगळवार, ५

सासूबाई देवाला काहीही सांगतात. आज सगळे प्रार्थनेच्या चटईवर असताना — कोंबडीनं कुंपणाच्या आत अंडं घालावं. मी नंतर म्हटलं, "आई, देवाला कोंबडीचं काम सांगायचं?"

"मग कुणाला सांगू? कोंबडी ऐकत नाही."

फेलेती खो-खो हसला. त्या माझ्याकडे वळल्या. "तू देवाकडे दवाखान्यात जावं तशी जातेस, पोरी. बरं वाटलं की तोंड दाखवत नाहीस."

खरं आहे, म्हणूनच झोंबलं.

गुरुवार, ७

फेलेतीनं आज संध्याकाळी गुडघे टेकले नाहीत. आम्ही दोघी गुडघ्यांवर, आणि हा भिंतीला टेकून पाय पसरून. आईंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू ठेवली. मी बोलले. "समुद्रात देव लागतो, घरी पाय पसरतोस?"

"दमलोय गं."

मला भीती वाटते. या बेपर्वाईची शिक्षा त्याला पाण्यात मिळाली तर? देव असा असतो का? कॉलेजात असताना हे मी वाद घालून खोडून काढलं असतं. आता घरात बसून खोडता येत नाही.

शुक्रवार, ८

आजही नाही. मी डोळे उघडे ठेवून त्याच्यावर पहारा करत होते — म्हणजे प्रार्थना मीही केली नाहीच.

शनिवार, ९

पहाटे मी दारात आडवी उभी राहिले. गुडघे टेकल्याशिवाय होडीवर जायचं नाही. तो भिंत धरून वाकला आणि कोसळला. आधी हसायला लागला, मग रडायला. "पाय जाणवत नाहीत. गुरुवारी घाईनं वर आलो, तेव्हापासून. सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

आणि मी त्याची भक्ती मोजत बसले होते.

दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला, आणि विमानात हवेचा दाब कमी होतो, म्हणून इतक्यात मोठ्या बेटावर नेणं धोक्याचं. पाय परत येतील का, सांगता येत नाही.

रविवार, १०

मला काहीच मागता येईना. आई खाटेशी बसून पुटपुटत होत्या — "देवा, याला सूप गोड लागू दे. पंखा बंद पडू देऊ नकोस. चादर बदलायला ती उंच नर्स येऊ दे, या नर्सचे हात फार थंड." पायांचं नाव नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं.

"ते देवाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमचं रोजचं बोलणं. एकाच दिवशी सगळं ओरडून सांगायला मी काय तू आहे?"

आणि मग ओंजळीत तोंड लपवून रडल्या. त्याही घाबरल्या आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बुधवार, १३

डाव्या पायाचा अंगठा हलला.

सोमवार, १८

फेलेती आज कशालाही न धरता दारापर्यंत गेला. तो चालू शकेल, म्हणाले डॉक्टर. पाण्यात मात्र पुन्हा कधी नाही. माझा जीव भांड्यात पडला. घरी आले, चूल पेटवली, कंद सोलले, मुलांच्या वह्या तपासल्या — आणि सूर्य कलेपर्यंत देवाची आठवणसुद्धा नाही.

इतके दिवस भीती फेलेतीला गमावण्याची होती. आज देवच हातून सुटण्याची. चटई न अंथरता तशीच खाली बसले.

देवा, जरा थांब. काम काही नाही.