स्टेशनावरचा फळा

चिंचवड, १० जानेवारी १९५८

चि. ज्योतीराम यास,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे जपानचे पत्र पोचले. बोलायला माणूस नाही, ताटात कच्चा मासा, तेव्हा शिक्षण अर्धे टाकून परत यावेसे वाटते, हे वाचून जीव गलबलला. तुझ्या आईला दापोडीला जाऊन वाचून दाखवले. दुर्गी म्हणाली की, पोराला बोलवून घ्या, कंपनी गेली तर गेली, रान कुठं पळून चाललं न्हाई. पण बाबा, आत्ता आलास तर, ज्या पिंपरीच्या कंपनीने तुला शिकायला धाडले तिथली नोकरी हातची जाईल, आणि यंत्रे तर तुला लहानपणापासून प्रिय. नीट विचार कर.

मला मात्र तुझे ते स्टेशन फार आवडले. एवढासा फलाट, रुळांपलीकडे समुद्र! डोळे मिटले की तिथल्या बाकावर जाऊन बसतो. शिवाय तिथे फळा आहे आणि येणारे-जाणारे त्यावर खडूने लिहितात म्हणतोस. अरे वेड्या, तो सुविचाराचा फळा! आपल्या शाळेच्या दारात नव्हता का? तूही रोज सकाळी एखादी ओळ लिहीत जा, मन रमेल. पहिली माझी घे:

लाटे, जा गं माझ्या गावा, घे पवनेची भेट,
सांग तिला की पोर तुझं हे जेवतंय गं नीट.

मात्रा मोजू नकोस, मास्तर म्हातारा झाला आहे.

तुझा,
चिमाजीमामा


योकोहामाजवळून, २६ फेब्रुवारी १९५८

ती. चिमाजीमामांस,
ज्योतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मामा, तुम्ही मला चांगलेच गोत्यात आणले! रोज गाडीच्या आधी मी मराठी ओळ लिहीत होतो. स्टेशनमास्तर मोरीसान संध्याकाळी बाकीचा फळा पुसत, माझी ओळ तेवढी ठेवत. मला वाटले, अक्षर आवडले असेल.

परवा आमचे दुभाषी माझ्याबरोबर उतरले तेव्हा उलगडा झाला. तो फळा निरोपांचा आहे. चुकामूक झाली की लोक लिहितात, मी पुढे गेलो, छत्री घेऊन ये. सगळ्या वस्तीची समजूत झाली होती की, हा परदेशी पोरगा रोज कुणासाठी तरी निरोप ठेवतो आणि ते माणूस काही येत नाही. मासळीवाल्या आजीबाई तर माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या!

खरे सांगितल्यावर मोरीसान इतके हसले की टोपी पडली. मग म्हणाले की, येणारे कुणी नसेल तर आमच्याकडे जेवायला चल. त्यांच्या बायकोने गरम भात, शिजवलेला मासा आणि पिठल्याच्या रंगाचे कसलेसे सार वाढले. मी तीनदा मागून घेतले. आता सुट्टीच्या दिवशी तिथेच असतो. मोडकीतोडकी जपानी बोलतो आणि ती दोघे हसतात.

मामा, मी राहतो. शिक्षण पुरे करूनच येईन. आईला तुम्ही सांगा, माझे धाडस होत नाही.

आपला आज्ञाधारक,
ज्योतीराम


चिंचवड, १५ मार्च १९५८

चि. ज्योतीराम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र खिशात घालून दापोडीला गेलो. गाडीत चारदा ठरवले की शेवटचा परिच्छेद गाळायचा. पण तुझ्या आईसमोर खोटे वाचता येत नाही, ती आवाजावरून ओळखते. सगळे वाचले.

आधी तिने मला धारेवर धरले. जन्मभर फळ्यावर लिहून ह्या दादाला फळा कळंना, असे शेजारच्या शालनबाईला हाक मारून सांगितले. दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मग दुर्गी सूप घेऊन बसली. शेंगा फोडत राहिली, टरफले आणि दाणे एकाच सुपात पडत होते.

शेवटी म्हणाली की, राहू दे त्याला, तिथं त्याला वाढणारं कुणी हाय. आणि उठून मिरच्या उन्हात घातल्या.

आता हे लगेच कळव, त्या मास्तरांच्या मंडळींचे नाव काय? मसाला कुटून, डबा कापडात शिवून तयार आहे. नाव नसलेल्या बाईला पाठवणार न्हाई, असे तुझ्या आईने मला बजावले आहे.

समुद्रापार असलास तरी मामावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
चिमाजीमामा