ओसरीवर घेतलेलं रक्त

शुक्रवार, संध्याकाळ. अनसिंग.

रक्तदाब घराण्यात कसा चालत येतो, हे शोधणारे डॉक्टर सकाळी आले. आजोबा, बाबा, मी, तिघांचं बीपी मोजलं, रक्तही ओसरीवरच घेतलं. सगळी गल्ली पाहत होती. दुपारी वैशालीच्या वडिलांनी ठरत आलेली सोयरीक मोडली. मी कॉलेज सोडलं ते त्यांना चाललं, हे नाही?

तडक त्यांच्या वांग्याच्या वावरात गेलो.

“तुमच्या घराण्यातच बीपी हाय, पोरगी कशी देऊ?”

“माह्यं नॉर्मल हाय, मामा! आजच मोजलं!” मी ओरडलो, वांग्यांचं क्रेट लाथाडलं.

“हे नॉर्मल हाय काय रे?”

वैशाली तिथंच तोडणी करत होती. मान वर केली नाही. एकदाही नाही. काहून?

घरी बाबांनी हळूच विचारलं, “माह्या बीपीमुळंच मोडली का रे?”

नाही म्हणायला हवं होतं. मी आत निघून गेलो.