सुमीच्या भाकरीचं पीठ आधी

प्रिय धुरपा,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहायलेय. काल शेजारी तुझ्या तेराव्याला जेवून आलो आणि सुमीच्या पानात जे वाढलं गेलं ते पाहून मला गप्प राहवेना. सुमी म्हणाली, "आई, तू लिही, मी धुरपामावशीच्या ओट्यावर बसून वाचून दाखवते." बारा वर्षांची झालीय माझी लेक. धडधाकट, आणि तुझ्यासारखीच तोंडाळ.

चार वर्षांची असताना कशी होती, आठवतं? हातापायांच्या काड्या, पोट फुगलेलं, सारखे जुलाब. गाव म्हणायचं मुडदूस. मी पडले मास्तरांची बायको, आजारी लेकराला भाकर कशी देऊ? भाकर जड, गहू हलका. गहू पाहुण्याला नि दुखणेकऱ्याला, हेच आपल्याकडचं शहाणपण. म्हणून रव्याचा शिरा, दुधात कुस्करलेली पोळी. ती जितकी वाळायची तितकं मी आणखी भरवायची.

मग पाथरीहून माझे वडील आजारी असल्याचा निरोप आला. सुमीला प्रवास झेपला नसता आणि मास्तरांना साधा चहा येत नव्हता. तू शेजारीण, तुझ्या पदरात तिला टाकून गेले. दोन महिन्यांनी परतले तर पोरगी तुझ्या शेळ्यांमागं पळायलेली. मला रडू आवरेना. लगेच देवाला पुरणपोळीचा नैवेद्य केला, वर आठवडाभर तिला पोळ्याच पोळ्या. पंधरा दिवसांत तिनं पुन्हा अंथरूण धरलं.

आणि मी काय केलं? तुझ्या दारात येऊन चारचौघांत विचारलं, काय खाऊ घातलंस माझ्या लेकीला?

तू चिडायला हवं होतंस गं. "भाकर अन् शेळीचं दूध, मास्तरीणबाई. दुसरं हाय काय माझ्या घरात?" एवढंच म्हणालीस. पण आम्ही परभणीच्या दवाखान्यात गेलो तर न बोलावता मागं आलीस आणि डॉक्टरांपुढं उभी राहिलीस. "माझ्याकडं भाकर खायची तवा बरी व्हती. घरी पोळी खायलीय अन् झुरायलीय. म्या अडानी हाय, तुमीच बघा." मी तुझा पदर ओढत होते, गप्प बस म्हणून.

डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, असं काहीतरी विलायती मासिकात वाचलंय. गहू पूर्ण बंद करायला लावला. शिरा नाही, शेवया नाहीत. दोन महिन्यांत सुमी पुन्हा पळायला लागली. मग त्यांच्या सांगण्यावरून थोडी पोळी दिली, आणि चारच दिवसांत तेच दुखणं. तेव्हा त्यांनी नाव सांगितलं, सिलियाक. गव्हानं हिचं लहान आतडं खराब होतं, अन्न अंगी लागत नाही. फार दुर्मिळ आजार, त्यांनी पाहिलेला पहिलाच. औषध एकच, जन्मभर गहू नको.

मी तर हसायलाच लागले. आपल्या मुलखात ज्वारीला काय तोटा?

एक मात्र सलतं. सगळीकडं मी डॉक्टरांचंच नाव सांगत फिरले. तुझ्या दारात चारचौघांत बोलले होते, पण माफी मागितली ती एकटीला गाठून. तू म्हणालीस, "जाऊ द्या वो, पोरगी हाय ना?" तुला खरंच काही वाटलं नाही? की माझी लाज राखलीस?

काल पंगतीत सगळ्यांना पोळी वाढली आणि तुझ्या सुनेनं सुमीपुढं गरम भाकर ठेवली. म्हणाली, "आत्याबाईनं जाताना सांगून ठेवलं व्हतं. माझ्या दिवसाला गव्हाचं करा, पन जातं धुऊन सुमीच्या भाकरीचं पीठ आधी दळा. गव्हाचा कण लागू देऊ नका." तिथंच, सगळ्या पंगतीसमोर, मी उठून उभी राहिले आणि आठ वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. उशीर झाला, पण सांगितलं.

पुढं मोठी झाल्यावर सुमीला जिथं देऊ तिथं, बोलणी करायच्या आधी जात्याची ही रीत सांगेन. हा आजार कुणी ओळखला असं विचारलं, तर आधी तुझं नाव घेईन, मग डॉक्टरांचं.

तुझी,
मास्तरीणबाई