चुलीमागची भिंत

आबा, आज एका गिऱ्हाइकाकडून घरी आले आणि हात न धुताच लिहायला बसले. तुम्ही असता तर आधी हात धुवायला पिटाळलं असतं. नव्या वस्तीतलं घर होतं. बाहेर गारठा आणि यांचा एसी आपला आपोआप सुरू होतोय. मालक मोबाइलवर बोट फिरवून मला काहीबाही दाखवत होते. मी पिशवीतून पेचकस काढलाच नाही. "या भिंतीच्या पलीकडं काय आहे?" एवढंच विचारलं. पलीकडं न्हाणीघर निघालं आणि थर्मोस्टॅटच्या बरोबर पाठीमागं नवाकोरा गिझर. "हे तुम्हाला कसं सुचलं हो?" असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, "बिबड्यांमुळं." ते हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करतेय. जो हसला नसता त्याला सांगावं म्हणून ही पानं काढली.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती ती. धुळ्याच्या आयटीआयमधून मी फ्रिज-एसीचं काम शिकून आले होते, वर्गात एकटीच मुलगी, आणि तुम्ही जाहीर करून टाकलं होतं की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की आपलं दुरुस्तीचं दुकान बंद. दुकानाच्या जागेच्या मालकाला तुम्ही तसं सांगूनही आला होतात. साक्रीकडं गावाला जायचं, शेत बघायचं, आणि माझ्यासाठी स्थळ. मी म्हटलं, दुकान मी चालवते. तुम्ही ताटातून मान वरसुद्धा केली नाही. "लोकेस्ना घरमा जानं पडस, पोरी. हाई आंडेरनं काम नै." लोकांच्या घरात जावं लागतं, लेकीचं काम नव्हे. आई गेल्यापासून आपल्या घरात तुमच्या शब्दावर शब्द ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. मी भाकरी वाढली, पण आतून इतकी संतापले होते की पुढचे दोन दिवस तुमच्या वरणात मीठ कमीच पडत होतं. तुम्ही तेही मुकाट्यानं खाल्लंत.

त्याच उन्हाळ्यात पिंप्राळ्यातल्या आपल्या गल्लीच्या टोकाच्या बंगल्यातलं ते काम तुमच्या मानेवर बसलं. केळीचे व्यापारी, नवं घर, आणि म्हाताऱ्या आईच्या खोलीत तुम्ही बसवलेला एसी. आजींचं हृदय अधू, डॉक्टरांनी सांगितलं होतं की जळगावच्या उन्हाळ्यात यांना उकाड्यापासून जपा. तेव्हा असला एसी गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत. भिंतीवर थर्मोस्टॅटची चपटी डबी, खोली तापली की आत टक् होणार आणि यंत्र सुरू, गार झाली की पुन्हा टक् आणि बंद. महिनाभर सगळं झकास चाललं. मग चैत्र लागला आणि यंत्राला काय झालं कोण जाणे, रोज पहाटे, जेव्हा माणसं अंगावर चादर ओढतात तेव्हा, ते सुरू व्हायचं आणि थांबायचं नावच घ्यायचं नाही. बटण उंचावर, आजींच्या हाताला न येणारं. दार लावलेलं, घरातल्या बायका मागच्या अंगणात कामाला लागलेल्या, मुलगा गच्चीवर झोपलेला. कुणी येईपर्यंत म्हातारी गोधडीत मुटकुळं करून कुडकुडत पडायची. एकदा तर ओठ निळे पडलेले पाहून सुनेनं हंबरडाच फोडला होता.

तुम्ही किती खेपा घातल्या! सगळ्या तारा पाहिल्या, डबी उघडून फुंकली, ती काढून दुसरी बसवली, दुसऱ्या डबीनंही तोच तमाशा केला. तुम्ही जायचात दुकान उघडून, दहा-अकराला. तेव्हा यंत्र शहाण्या मुलासारखं वागायचं. व्यापारी शेवटी म्हणाले, "आबा, तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं सांगा. आईच्या जिवाशी खेळ नको. मी पुण्याहून माणूस बोलावतो, आणि हे सगळं काढून टाकतो." तुम्ही घरी येऊन खाटेवर बसलात. "आखाजीनी वाट कसाले देखू? आतेच कुलूप लाई टाकू," असं म्हणालात. मला तुमचा राग होता, पण त्या दिवशी तुमची खाली गेलेली मान पाहून राग कुठल्या कुठं गेला. दुकान माझ्या हाती येण्याआधीच बुडत होतं, आणि तेही तुमच्या नावावर डाग लावून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच बंगल्यावर गेले, पण दुरुस्तीला नव्हे. त्यांचं अंगण मोठं, गच्ची मोठी, म्हणून अख्ख्या गल्लीचे बिबडे, ज्वारीचे पापड, तिथंच व्हायचे. आज हिचे, उद्या तिचे. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या फडक्यावर थापायचा. त्या दिवशी सुनेनं मला हाक मारली होती. मी निघाले तेव्हा तुम्ही अंथरुणातूनच टोमणा मारलात, "आयटीआय शिकनी आन् बिबडा थापाले चालनी!" मी दार जरा जोरातच ओढून घेतलं.

अंगणात तीन विटांची चूल, वर हे एवढं पातेलं, खाली पऱ्हाट्या. कपाशीच्या वाळक्या काड्या त्या, पेटल्या की ज्वाळा थेट भिंतीला चाटत वर जाते. घाटा हाटून हाटून माझे खांदे भरून आले. दुसरीच्या हातात दांडा देऊन मी जरा बाजूला सरकले, आणि भिंतीला पाठ टेकली. टेकली आणि तशीच उठले. भिंत तापली होती. तेवढ्यात अंगणातलं यंत्राचं बाहेरचं धूड हादरलं आणि घरघरायला लागलं. बायका म्हणाल्या, "लागलं पहा याला याड!" आबा, मला एका क्षणात सगळं दिसलं. तोंडाला पीठ लागलेलं, तशीच आत धावले. आजी गोधडीतून म्हणाल्या, "बंद कर वं माय, हे माह्या जीवावर उठलं." मी बटण बंद केलं आणि डबीशेजारी तळवा टेकवला. चांगली ऊबदार लागली भिंत, खोलीत मात्र दात वाजत होते. मग आजींच्या ट्रंकेवर चढले, सुनेकडून मागून घेतलेल्या सुरीनं स्क्रू काढले, डबी भिंतीपासून सोडवून तारांवर मोकळी लोंबती ठेवली आणि बटण पुन्हा चालू केलं. थोडा वेळ यंत्र घरघरलं. मग डबीला खोलीतला खरा गारवा लागला. टक्. यंत्र गप्प.

खरं सांगते, मी त्या ट्रंकेवर नाचायचीच बाकी होते. पण घरी येता येता तो आनंद ओसरला. कारण ती भिंत निवडली कुणी? तुम्ही. आणि निवडली होती ती अगदी नियमानं. बाहेरच्या उन्हाची भिंत नको, खिडकीजवळ नको, दिव्याजवळ नको, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. सावलीतली, मागच्या अंगणाकडची ती चार इंची भिंत. तुम्ही बसवलं तेव्हा पलीकडं नुसतं रिकामं अंगण होतं. चैत्रात खानदेशातल्या बायका त्या अंगणात काय करतात हे तुमच्या नियमात नव्हतं. बिबडे तुम्ही जन्मभर तळून खाल्लेत, होताना कधी पाहिले नाहीत. तुम्ही चहा पीत होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही बशी खाली ठेवलीत. मला वाटलं, आता फुटेल आभाळ. तुम्ही म्हणालात, "सकाय माले उठाड."

आणि पहाटे आपण दोघं त्या खोलीत उभे. डबी मी आदल्या दिवशीच परत जागेवर लावून आले होते, तुम्हाला दाखवायला. मागं पऱ्हाट्यांचा कडकडाट ऐकू येतोय. आजींना दोन गोधड्या पांघरून बसवलंय. तुम्ही तळवा भिंतीवर ठेवता आणि काढतच नाही, ताप पाहावा तसा. टक् होतं, यंत्र सुरू होतं, तुम्ही माझ्याकडं पाहता. व्यापारी गच्चीवरून डोळे चोळत येतात, मी सांगितलेलं ऐकतात आणि हसून म्हणतात, "एवढंच ना? मग चूल हलवू. बायकांना सांगतो, उद्यापासून तिकडं कोपऱ्यात मांडा." किती सोपी वाट होती ती! चुलीवर ढकललं असतं तर तुमच्या कामाला कुणी नाव ठेवलं नसतं. मी तुमच्याकडं पाहत होते.

"नै," तुम्ही म्हणालात. "चूल बराबर जागावर शे. चूक मन्ही शे, मी मशीन चुकीनी भितडावर लायं. मशीन हालाडसू." मग माझ्याकडं बोट करून, त्या घरातल्या सगळ्या बायकांसमोर, "आन् हाई मी नै, मन्ही आंडेरनी शोधी काढं."

आजी गोधडीतूनच बोलल्या, "मंग तिलेच पाठवत जा ना भाऊ. तुम्ही काहून येता?" सगळे हसले. तुम्हीसुद्धा. त्या सकाळी डबी पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर मी बसवली, आणि पेचकस तुम्ही माझ्या हातात देत होता.

आखाजी आली आणि गेली. गल्लीत झोके बांधले गेले, माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणून सासरी परतल्या. दुकान उघडंच राहिलं. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि मीही विचारलं नाही, न जाणो आठवण झाली तर. फरक पडला तो एवढाच, की कुठल्याही घरात शिरताना उंबऱ्यात थांबून तुम्ही मला म्हणायचात, "पयले तू सयपाकघरमा जाय." तुम्ही यंत्राशी बोलायचात, मी बायकांशी. लोकांच्या घरात जावं लागतं म्हणून जे काम माझं नव्हतं, ते त्याच कारणानं माझं झालं. तुम्ही गेल्यावर कुणी कुणी मला विचारलं, एकटीनं कसं निभावणार? मी म्हटलं, एकटी कुठं, गावात जेवढ्या चुली तेवढ्या माझ्या बाजूनं आहेत. मिजास म्हणा हवी तर. शिकवणाराच तसा होता.

पुढं त्या घरानं नवं यंत्र घेतलं तेव्हा ती जुनी डबी मी मागून आणली. माझ्या स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या अंगाला, जिथं लावू नये नेमकं तिथं, मी ती लावलीये. तिला तार नाही, काही नाही. येणारेजाणारे विचारतात, मी सांगते, शोभेला. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. भाकरीचा तवा तापून भिंत ऊबदार झाली की ती अजूनही टक् करते, आणि घरात दुसरं कुणी नसेल तर मी गॅस बारीक करून म्हणते, "हो आबा, बघते."